पुण्याहून वर्षभर मॉरिशस: प्रीमियम व्हिसा घेऊन तिथून काम करता येईल का?

निशिगंधा_पुणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, ते इथे मांडते.

मी फ्रीलान्स तांत्रिक लेखन करते. माझे दोन्ही क्लायंट नेदरलँड्समधले आहेत, पैसे युरोत येतात, पुण्याच्या बँकेत जमा होतात. नवरा इथल्याच एका आयटी कंपनीत नोकरीला, सध्या पूर्ण वेळ घरून काम. मुलगा सहावीत. दिवाळीनंतर एक वर्ष दुसऱ्या देशात राहून बघावं असं आम्हा तिघांनाही वाटतंय. युरोप परवडणार नाही. मॉरिशस सरकार बाहेरच्या देशासाठी ऑनलाइन काम करणाऱ्यांना वर्षभराचा प्रीमियम व्हिसा देतं, असं वाचलं. फी नाही म्हणे.

प्रश्न असे:
खरंच इतकं सोपं आहे का? कर कुठे भरायचा? नवऱ्याच्या नोकरीचं काय? मुलाच्या शाळेचं काय? आणि आवडलं तर पुढे तिथेच राहता येतं का?

कुणी प्रत्यक्ष राहून आलं असेल तर सविस्तर लिहा. यूट्यूबवर सगळे समुद्रकिनाराच दाखवतात, कागदपत्रं कुणी दाखवत नाही.

---

चहाबाज

मॉरिशस आफ्रिकेत येतं हे आत्ता नकाशा उघडून बघितलं. धागा वाचतोय. चहा ठेवलाय.

---

झुळूक

@चहाबाज, येतं तर. आफ्रिकन युनियनचा सदस्य देश आहे. चहाचे मळेही आहेत तिथे, दक्षिणेला बुआ शेरी भागात. व्हॅनिलाचा वास असलेला चहा मिळतो. तुम्ही जायलाच हवं.

निशिगंधा, आम्ही नवरा-बायको प्रीमियम व्हिसावर राहून आलो, फ्लिक-आं-फ्लाकला, पश्चिम किनाऱ्यावर. मी डिझाइनचं काम करते, क्लायंट लंडनचे.

व्हिसाची बाजू खरंच सोपी आहे. २०२० च्या शेवटी, कोविडमध्ये पर्यटन ठप्प झालं तेव्हा त्यांनी ही योजना आणली. अर्ज ऑनलाइन, शुल्क शून्य. मुख्य अटी तीन. तुमचा कामधंदा आणि उत्पन्नाचा उगम मॉरिशसबाहेर हवा. तिथल्या नोकरीच्या बाजारात शिरायचं नाही, म्हणजे तिथल्या कुणासाठीही पैसे घेऊन काम करायचं नाही. आणि महिन्याला किमान १,५०० डॉलर उत्पन्नाचा पुरावा हवा. मूल सोबत असेल तर प्रत्येक मुलामागे आणखी ५०० डॉलर. पासपोर्ट, फोटो, राहण्याचा पत्ता, परतीचं तिकीट, प्रवास आणि आरोग्य विमा, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला हे सगळं जोडायचं. दाखले इंग्रजीतले ठेवा.

उत्पन्नाचा पुरावा हाच फ्रीलान्सरचा अवघड भाग. पगारपत्रक नसतं ना! मी क्लायंटचे करार, इनव्हॉइस आणि त्याच रकमा दिसणारी बँक विवरणं एकमेकांना जुळतील अशी लावून दिली. एखाद्या महिन्यात पैसे आलेच नसतील तर सोबत चार ओळींचं स्पष्टीकरण द्या. तपासणाऱ्याला कोडं सोडवायला लावू नका.

विम्याचं मुद्दाम सांगते. आपल्या इथल्या मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक वेळा फक्त भारतातल्या उपचारांना लागू असतात. ती जोडून भागत नाही. वर्षभराचा परदेशातला विमा घ्यावा लागतो आणि खर्चात तोच मोठा आकडा निघतो.

---

घाटमाथा

फुकट व्हिसा, कर नाही, समुद्र समोर. अजून काय पाहिजे? माझा मित्र तिकडे होता. तो म्हणतो, परदेशातून आलेल्या पैशाला तिकडे कर नाही आणि भारतात राहत नाही म्हणून भारतातही नाही. डबल फायदा.

---

आकडेमोड

@घाटमाथा, तुमच्या मित्राचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, पण असा सल्ला वाचून कुणी निघालं तर परत आल्यावर नोटीस हातात पडेल. म्हणून जरा लांबण लावतो. पेशाने सीए आहे, परदेशी उत्पन्नाचीच कामं जास्त करतो.

आधी मॉरिशसची बाजू. त्यांचं करवर्ष जुलै ते जून. त्या वर्षात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी. प्रीमियम व्हिसाधारकांसाठी तिथल्या महसूल खात्याने वेगळी मोकळीक दिली आहे: बाहेरच्या कामाचा पैसा मॉरिशसमध्ये आणला तरच करपात्र. परदेशी क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने तिथे केलेला खर्च हा पैसा 'आणला' असं धरत नाहीत. आणि तिथल्या बँक खात्यात पैसे जमा केले तरी, या पैशावर माझ्या देशात कर भरला आहे असं घोषणापत्र दिलं तर तिथे कर लागत नाही. म्हणजे तिकडचं धोरण उदार आहे, पण त्यात गृहीत असं आहे की तुम्ही कुठेतरी कर भरताय.

आता भारत. इथे बहुतेकांची गल्लत होते. निशिगंधाताई दिवाळीनंतर निघणार, म्हणजे नोव्हेंबर. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत त्या भारतातच असतील, निवासी ठरायला लागणारे १८२ दिवस केव्हाच उलटलेले. त्या वर्षी त्या भारताच्या निवासी, जगभरचं उत्पन्न इथे करपात्र.

पुढच्या नोव्हेंबरला परत येणार. त्या वर्षी भारतात नोव्हेंबर ते मार्च, साधारण चार-पाच महिने. १८२ भरत नाहीत म्हणून लोक खूश होतात. पण दुसरी कसोटी असते: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलात तरी निवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला सोडण्याच्या वर्षी आणि परदेशातून नुसतं भेटीला येणाऱ्याला यात सवलत आहे. कायमचं परत येणाऱ्याला ती धरून चालता येत नाही. म्हणजे त्या दुसऱ्या वर्षीही निवासीच.

थोडक्यात, नोव्हेंबर ते नोव्हेंबर असं एक वर्ष बाहेर राहून तुम्ही भारताच्या कराच्या दृष्टीने कुठेच गेलेल्या नसता. दोन्ही वर्षं नेहमीसारखं विवरणपत्र भरा, आगाऊ कराचे हप्ते भरा, मॉरिशसला ते घोषणापत्र द्या. विषय संपला. अनिवासी होण्याच्या मागे लागू नका.

---

निशिगंधा_पुणे

बाप रे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी पुण्यात बसून जे करते तेच करत राहायचं?

---

आकडेमोड

कराच्या बाबतीत तसंच. क्लायंटचे युरो पुण्यातल्या खात्यातच येऊ द्या, निर्यातीची जीएसटीची कागदपत्रं चालू ठेवा. तुमच्या सीएला मात्र जाण्याआधी एकदा भेटा आणि तारखा समोर ठेवा.

तुम्ही एप्रिलच्या सुरुवातीला निघून दोन वर्षं राहणार असता तर चित्र वेगळं झालं असतं. तेव्हा दोनदा कर लागू नये म्हणून झालेला भारत-मॉरिशस करार बघावा लागतो. तो १९८० च्या दशकातला आहे. २०१६ साली बदलला तो मुख्यतः शेअरच्या नफ्यावरच्या कराबाबत, आणि म्हणून पेपरात त्याचं नाव गुंतवणूकदारांच्या बातम्यांत येत असतं. पण माणूस दोन्ही देशांचा निवासी ठरला तर कुठला धरायचा, हेही त्याच करारात आहे. कायमचं घर कुठे, कुटुंब आणि पैशाचे धागे कुठे, अशा क्रमाने पाहतात.

@घाटमाथा, आणखी एक तरतूद मित्राला सांगा. भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात कर भरायला बांधील नसेल, तर कायदा त्याला भारताचा निवासी मानतो, तो वर्षभरात इथे एक दिवसही आला नसला तरी. कुठेच कर नाही, ही जागा २०२० च्या अर्थसंकल्पातच बुजवली आहे.

---

घाटमाथा

कळवतो त्याला. धन्यवाद. मनापासून.

---

प्रकल्पप्रमुख

व्हिसा मिळेल, कर सुटेल, पण माझ्या मते तुमच्या योजनेतला नाजूक भाग नवऱ्याची नोकरी आहे आणि त्यावर अजून कुणी बोललं नाही.

'घरून काम' याचा अर्थ कंपनीच्या लेखी 'भारतातल्या घरून काम' असतो. माझ्या हाताखालचा एक मुलगा न सांगता परदेशात जाऊन बसला होता. आपली जागा लपवायला व्हीपीएन लावून काम करायचा. सुरक्षा विभागाला लॉगिनची जागा दिसली आणि दुसऱ्या दिवशी त्याची सगळी खाती बंद. क्लायंट बँक होती, तिच्याशी केलेल्या करारात डेटा कुठल्या देशांतून उघडायचा हे लिहिलेलं असतं. मुलगा हुशार होता, वाईट वाटलं, पण त्याला वाचवायला माझ्याकडे काही नव्हतं.

कंपनीला दुसरी भीती कराची. कर्मचारी परदेशात बसून बराच काळ काम करत राहिला तर तिथे कंपनीचंच कार्यालय आहे असं तिथलं महसूल खातं म्हणू शकतं. म्हणून एचआर साधारणपणे थोड्या आठवड्यांची परवानगी देतं, वर्षाची देत नाही.

तेव्हा आधी लेखी परवानगी. मॅनेजर तोंडी 'जा रे, काही होत नाही' म्हणाला तरी ती परवानगी नव्हे. व्हिसाच्या अर्जातही नोकरदाराला कंपनीचं पत्र जोडावं लागेलच.

---

सह्यभटक

+१. एचआरच्या ईमेलशिवाय तिकीट काढू नका.

---

कोकणकडा

मला एक कळत नाही. समुद्रच हवा तर आपल्याकडे गुहागर आहे, वेंगुर्ला आहे. वर्षभर घर भाड्याने घ्या, मुलगा मराठी शाळेत जाईल, विमानाचं तिकीट नको, विमा नको, एचआर नको. नारळ-पोफळी तिकडेही आणि इकडेही. परदेशाचं इतकं काय?

---

निशिगंधा_पुणे

@कोकणकडा, माझं माहेरच दापोलीचं आहे. कोकण माझ्या घरचं आहे, तिथे मी कधीही जाऊ शकते. मुलाने वेगवेगळी भाषा बोलणारी माणसं एका वर्गात बघावीत, आपण जिथे बहुसंख्य नाही अशा ठिकाणी राहून बघावं, हा माझा हेतू आहे. समुद्र जोडीला मिळाला तर आनंदच.

---

विनायक_वाक्वा

नमस्कार. मी मॉरिशसचा आहे. माझे पूर्वज रत्नागिरी जिल्ह्यातून उसाच्या मळ्यावर काम करायला आले होते. घरी आम्ही क्रिओल बोलतो, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली बोली. मराठी मी शाळेत शिकलो, नंतर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत शिकलो. लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या.

ताईंनी लिहिलं की मुलाने वेगळी माणसं पाहावीत. इथे ते होईल. एका रस्त्यावर मंदिर, मशीद, चर्च आणि चिनी देऊळ दिसतं. मुलं घरात क्रिओल, वर्गात इंग्रजी आणि फ्रेंच, आणि आपापली पूर्वजांची भाषा शिकतात. आमच्यासारख्यांची मुलं मराठी घेतात.

गणेश चतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते. घरोघरी गणपती, आणि विसर्जन समुद्रात किंवा नदीवर. आमच्याकडे जाखडी नाच अजून करतात, आम्ही त्याला झाकरी म्हणतो. कास्काव्हेल इथे महाराष्ट्र भवन आहे. २०२३ साली तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला. जवळपास राहिलात तर कार्यक्रमांना या. पाहुण्यांना आम्ही आधी जेवायला बसवतो, मग नाव विचारतो.

---

झुळूक

विनायकदादा, किती छान लिहिलंत! आम्ही कास्काव्हेलच्या कार्यक्रमाला गेलो होतो. एका आजींनी मला ओवी म्हणून दाखवली. त्यांना एरवीचं मराठी बोलता येत नव्हतं, पण ओवी अख्खी पाठ होती.

---

कोकणकडा

विनायकराव, रत्नागिरीत गाव कुठलं हे माहीत आहे का? मी शोधायला मदत करीन. माझं सगळं आयुष्य लांज्यात गेलंय.

---

विनायक_वाक्वा

गावाचं नाव घरात कुणाला माहीत नाही. पण करारबद्ध मजुरांच्या नोंदी इथे जपून ठेवल्या आहेत. महात्मा गांधी संस्थेत त्या बघता येतात. जहाज, वय, जिल्हा, कधी गावही लिहिलेलं असतं. पूर्वी इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलं, म्हणून वाचायला कठीण जातं. मी आमची नोंद काढून तुम्हाला निरोप पाठवतो. भारत सरकारने २०२४ मध्ये आमच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) द्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून इथे खूप घरांतून हे कागद शोधणं चालू आहे.

---

कोकणकडा

जरूर पाठवा. वाट बघतो. निशिगंधाताई, गुहागरचा मुद्दा मागे घेतला!

---

विंडहुकवासी

आफ्रिकेतलेच बाकीचे पर्यायही लिहितो, म्हणजे तुलना करता येईल. मी नामिबियात आहे, नोकरीनिमित्त.

नामिबियाने २०२२ मध्ये असा व्हिसा काढला, पण तो सहा महिन्यांचा आणि उत्पन्नाची अट जास्त: अर्जदाराला महिना २,००० डॉलर, जोडीदारासाठी आणखी १,०००, मुलामागे ५००. देश सुंदर, रस्ते उत्तम, माणसं फार कमी. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर मजबूत ठेवा. दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये रिमोट काम करणाऱ्यांसाठी व्हिसा आणला, तिथे उत्पन्नाची वार्षिक अट साडेसहा लाख रँडच्या आसपास आहे, म्हणजे मॉरिशसपेक्षा बरीच वर. सेशेल्सचा परवानाही आहे, पण तिथे राहणं महाग. केप व्हर्देचं नाव ऐकून अर्ज करायला जाऊ नका, त्यांची योजना ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्यात भारत नाही.

कुटुंब, शाळा आणि कमी कटकट हे बघता मॉरिशसच बरं.

---

चहाबाज

तिथून भारताच्या वेळेत काम करायचं तर?

---

झुळूक

आपल्यापेक्षा दीड तास मागे. पुण्यात सकाळचे दहा तेव्हा तिथे साडेआठ. नेदरलँड्सच्या दोन-तीन तास पुढे. निशिगंधाला दोन्ही बाजूंनी सोयीचं आहे, सकाळ मोकळी मिळेल.

इंटरनेट फायबरचं, घरोघरी आहे. आमच्याकडे व्हिडिओ कॉल कधी तुटले नाहीत. वीज मात्र वादळात जाते, तेव्हा मोबाइलचा डेटा आणि पॉवर बँक हाताशी हवी. भाडं: फर्निचरसकट दोन खोल्यांचं घर आम्हाला तीस हजार मॉरिशियन रुपयांच्या आसपास मिळालं, किनाऱ्यापासून थोडं आत. त्यांचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन रुपये धरा. ग्रां-बे आणि तामारांच्या बाजूला परदेशी लोकांची गर्दी, भाडी चढी. कात्र बॉर्न, रोझ हिल हे मधल्या पठारावरचे भाग, स्वस्त, बाजार जवळ. क्युरपीपला पाऊस इतका की कपडे वाळायला दोन-दोन दिवस. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली. गाडी नसली तर मेट्रोच्या मार्गावर घर बघा.

किराणा महाग, कारण बरंचसं बाहेरून येतं. डाळी, तांदूळ, मसाले सगळं मिळतं. रस्त्यावरची ढोल पुरी खा, आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण आहे ती, आत चण्याची डाळ. भारतीय यूपीआय २०२४ पासून तिथे चालतं, पण सगळ्या दुकानांत नाही.

---

सह्यभटक

डोंगर आहेत का?

---

झुळूक

@सह्यभटक, ल मोर्न चढा. मग परत येऊन वेगळा धागा काढा.

---

अभ्यासिका

मुलाच्या शाळेबद्दल. आम्ही तिघे दोन वर्षं होतो, नवरा ऑक्युपेशन परमिटवर.

सरकारी शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. परदेशी मुलांचे पालक बहुतेक खाजगी इंग्रजी किंवा फ्रेंच माध्यमाच्या शाळा घेतात. फी पुण्यातल्या चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळेएवढी धरा आणि प्रवेशाचं एकरकमी शुल्क वेगळं असतं. एका वर्षासाठी ते अंगावर येतं, म्हणून घासाघीस करा, अर्धवट वर्षाचं शुल्क कमी होतं का ते विचारा. नोव्हेंबरमध्ये जाऊन जानेवारीत शाळा सुरू, हा तुमचा काळ बरोबर बसतो.

फ्रेंच येत नाही म्हणून माझी मुलगी पहिले दोन महिने गप्प होती. वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत क्रिओलच बोलायची. मग ती क्रिओल शिकली आणि फ्रेंच आपोआप सोपं झालं. तुमचा मुलगा अकरा वर्षांचा, तोही शिकेल, फक्त ते दोन महिने त्याला घाई करू नका.

परत येताना पुण्याच्या शाळेत जागा मिळेल का, हे जाण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून लिहून घ्या. तिथले गुणपत्रक आणि सोडल्याचा दाखला दोन्ही सांभाळा.

---

निशिगंधा_पुणे

@अभ्यासिका, तुम्ही ऑक्युपेशन परमिट म्हणालात. ते वेगळं का? आवडलं तर पुढे राहता येतं का, हा माझा शेवटचा प्रश्न राहिलाच.

---

अभ्यासिका

वेगळं. प्रीमियम व्हिसा म्हणजे 'या, राहा, तुमचं बाहेरचं काम करा.' त्याचं नूतनीकरण होतं, पण तो कायमच्या वास्तव्याची पायरी म्हणून बनवलेला नाही. ऑक्युपेशन परमिट म्हणजे तिथल्या अर्थव्यवस्थेत सामील होणं. काम करण्याचा आणि राहण्याचा परवाना एकातच. त्यात तीन गट: गुंतवणूकदार, नोकरदार आणि स्वयंरोजगार. नोकरदाराला मॉरिशसमधल्या कंपनीचा करार लागतो, माझ्या नवऱ्याला एबेनच्या सायबर सिटीतल्या कंपनीत मिळाला होता. गुंतवणूकदाराला ५०,००० डॉलर आणून व्यवसाय उभा करावा लागतो. निशिगंधा, तुम्ही एकट्या सेवा देता, त्यामुळे पुढे तुमच्यासाठी स्वयंरोजगाराचा गट. त्यातही ठरावीक परकीय चलन सुरुवातीलाच तिथल्या बँकेत आणावं लागतं आणि उलाढाल दाखवावी लागते. मग अर्थातच कर तिथे.

पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तांचा परवाना आहे. आणि सरकारमान्य योजनेत ३,७५,००० डॉलरच्या वरचं घर घेतलं की राहण्याचा हक्क मिळतो. हे सगळं इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड हाताळतं.

माझं स्पष्ट मत: एका वर्षाच्या अनुभवासाठी प्रीमियम व्हिसा, आणि स्थायिक व्हायचंच असेल तर पहिल्या वर्षातच ऑक्युपेशन परमिटचा हिशोब मांडायला घ्या. प्रीमियमवर वर्षामागून वर्ष काढत राहिलेली माणसं मी पाहिली, मुलं तिथली झाली आणि आईबापांच्या हातात तिथला काही हक्क नाही. मुलं मोठी होताना ते फार अवघड जातं.

---

प्रकल्पप्रमुख

हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

---

विनायक_वाक्वा

वादळाबद्दल सांगतो, कारण ताई नोव्हेंबरमध्ये येणार आणि आमचा वादळाचा हंगाम तेव्हाच सुरू होतो, मे महिन्यापर्यंत असतो. इशाऱ्याचे एक ते चार वर्ग असतात. वर्ग वाढत जातो तसं आधी शाळा बंद, मग कचेऱ्या आणि बस बंद. चौथ्या वर्गात घराबाहेर पडायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईत पाणी भरलं, गाड्या वाहून गेल्या. घर घेताना भिंती आणि छत काँक्रीटचे आहेत का, खिडक्यांना शटर आहे का, आणि गल्ली सखल आहे का, हे शेजाऱ्यांना विचारा. घरमालकाला नको.

क्लायंटला आधीच सांगून ठेवा की एखादे दिवशी तुम्ही कामावर नसाल.

---

घाटमाथा

माझी आई बीपीच्या गोळ्या आणि झोपेची गोळी घेते, तिला घेऊन जायचं म्हणतोय फिरायला. औषधं नेता येतात का?

---

झुळूक

डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवून स्वतःपुरती नेता येतात. पण झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं यांवर तिथे कडक नियंत्रण आहे, आधी परवानगी घ्यावी लागते. त्या गोळीचं नाव बघून घ्या, गंमत समजू नका. ई-सिगारेट तर बंदच आहे. बी-बियाणं, रोपं, ताजी फळंही नेऊ नका. लोणचं, पापड, भाजणी बंद पाकिटातून नेलं, घोषणापत्रात लिहिलं, काही त्रास झाला नाही.

---

निशिगंधा_पुणे

ताजी बातमी. नवऱ्याने एचआरला रीतसर विचारलं. प्रकल्पप्रमुख म्हणाले तसंच झालं: वर्षात तीस दिवस, तेही मॅनेजर आणि सुरक्षा विभागाच्या मंजुरीने. वर्षभराला स्पष्ट नकार. तो दोन दिवस जरा नाराज होता.

काल रात्री आम्ही तिघं बसलो आणि नवीन बेत ठरला. मी आणि मुलगा जाऊ. नवरा पुण्यातून काम करेल आणि रजा जोडून येत-जात राहील. मुलाची शाळा बघता जानेवारी ते नोव्हेंबर. असं केलं तर अर्ज कसा करायचा? आणि आकडेमोड, तारखा बदलल्या तर कराचं गणित बदलतं का?

---

आकडेमोड

जानेवारीत निघालात तर पहिल्या वर्षी भारतात नऊ महिने, निवासी. पुढच्या वर्षी नोव्हेंबरअखेर परतलात तरी मार्चपर्यंत चार महिने होतात, ६० दिवसांची कसोटी लागतेच. उत्तर तेच राहतं. शिवाय नवरा आणि घर दोन्ही पुण्यात, म्हणजे कराराच्या कसोटीवरही तुमचे धागे भारतातच. उलट सोपं झालं.

---

झुळूक

मुख्य अर्जदार तू, मुलगा तुझ्यावर अवलंबून. म्हणजे तुझ्या एकटीच्या उत्पन्नातून १,५०० अधिक ५००, असे महिना २,००० डॉलर दिसायला हवेत. दोन्ही क्लायंट मिळून तेवढं होत असेल तर अडचण नाही.

नवऱ्याला प्रीमियम व्हिसा नको. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, तुमचा पत्ता आणि विमानात बसण्याआधी भरायचा तो ऑनलाइन प्रवास फॉर्म पुरे. पण पर्यटक म्हणून आल्यावर त्याने लॅपटॉप उघडू नये, रजा टाकूनच यावं. कंपनीचे ते तीस दिवस तिथून काम करण्यासाठी वापरायचेच असतील तर इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाला आधी ईमेलने विचारून उत्तर हातात ठेवा.

मुलगा एकट्या आईबरोबर प्रवास करतोय, म्हणून वडिलांचं संमतिपत्र नोटरी करून घे. मुंबई विमानतळावर आणि तिकडे शाळेत, दोन्हीकडे उपयोगी पडेल.

---

अभ्यासिका

जानेवारीचे शाळाप्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच भरायला लागतात. व्हिसाची वाट बघत बसू नका, शाळांना आत्ताच ईमेल करा. कुठल्या भागात राहणार ते शाळेवरून ठरवा, किनाऱ्यावरून नको. सकाळच्या वेळी पोर्ट लुईच्या दिशेची वाहतूक कोंडी फार असते.

---

विनायक_वाक्वा

ताई, शाळा ठरली की कळवा. त्या भागात घर बघायला माझी बहीण तुमच्यासोबत येईल. आगाऊ रक्कम घर बघण्याआधी ऑनलाइन कुणालाही देऊ नका. पहिले दोन आठवडे गेस्ट हाउसमध्ये राहा, मग करार करा.